भाजेगावची रीत

२१ एप्रिल १९१८, रविवार

ही कोरी वही तालुका कचेरीतल्या रावसाहेबांनी आज भेट दिली. पुठ्ठ्यावर सोनेरी मुकुट छापलेला आहे. "गुरव, तुम्ही शिकलेले आहात, रोजचं काही टिपत जा," म्हणाले. शिकलेला म्हणजे मराठी सहावी. भाजेगावात तेवढ्यावर माणूस पंडित होतो. घरात मात्र आमची मंडळी, कस्तुराबाई, मला मीठ-मिरची आणण्यापुरताच शहाणा समजते.

रावसाहेब आले होते ते सदावर्तासाठी. आमच्या भैरवनाथाच्या देवळामागच्या पडवीत माझ्या आज्यापासून रोज दुपारी चूल पेटते. लेण्यांकडे निघालेला, एकवीरेहून परतणारा, गडावरचा धनगर, आंधळा-पांगळा, जो येईल त्याला भात आणि कुळथाचं पिठलं. रीत एकच. पान मांडलं की नाव-गाव विचारायचं नाही. सुगीला गावातलं प्रत्येक घर देवाची मूठ म्हणून तांदूळ घालतं, कुणी पायली, कुणी खरंच मूठभर. मालवली स्टेशनावरचा सांधेवाला नूरमहंमद याला शेत नाही, तरी तो विकत घेऊन घालतो.

यंदा लढाईपायी धान्याचे भाव चढले, मूठ निम्मीसुद्धा जमली नाही, आणि चैत्राच्या जत्रेनं कणगी तळापर्यंत खरवडून नेली. सदावर्ताची स्वयंपाकीण बयाबाई काल चुलीपाशी बसून म्हणाली, "गुरवबाबा, आठ-धा दिसांचं हाये. म्होरं देव बी उपाशी न् आपुन बी." आज्यानं पेटवलेली चूल माझ्या हातून विझणार, ही कल्पनाच सहन होईना.

आणि आज रावसाहेब स्वतःहून दारात. म्हणाले, सरकार दरमहा रंगूनचा तांदूळ देईल. मी विचारलं, काही अट? म्हणाले, "अट कसली? देव तुमचा, पंगत तुमची. आम्ही फक्त तांदूळ देणार." मी तिथल्या तिथं नारळ फोडला.

२९ एप्रिल

तांदळाची पोती मालगाडीनं मालवलीला उतरली. मारुती, माझा मुलगा, बैलगाडीतून घेऊन आला. जाड तांदूळ आहे, कुबट वास येतो. बयाबाईनं मूठभर हातात घेऊन हुंगला आणि काही न बोलता सुपात टाकला. आंबेमोहरावर वाढलेलं नाक आहे तिचं. पण दगडापेक्षा वीट मऊ.

दुपारी मुक्ताबाई राहिलेली मूठ घेऊन आली. तिचं घर खालच्या आळीला, चार तोंडं खाणारी. मी म्हटलं, "राहू दे तुला, पोरांना कर. आता सरकार देतंय." ती सुपली धरून उभीच राहिली. मग म्हणाली, "म्हंजी देवाला नगं झाली व्हय?" मी हसलो. गावात ही बातमी वाऱ्यासारखी गेली असावी, कारण संध्याकाळी आणखी दोघंजण मला विचारून गेले की आता सुगीला मूठ काढायची नाही ना. मी म्हटलं, नाही. इतकं उदार व्हायची संधी मला आयुष्यात प्रथमच मिळाली.

देवळाच्या दाराच्या लाकडी तोरणाखाली पाटी लागली आहे. 'सरकारी मदतीचे अन्नछत्र.' अक्षरं देवाच्या नावापेक्षा जरा मोठी आहेत, पण रंग चांगला आहे.

१२ मे, रविवार

असतील शिते तर जमतील भुते, हे खरं. पंगत दुपटीनं वाढली. रावसाहेब आज आले ते थोडे घुश्शातच. घरी धान्य असलेले लोकही फुकट जेवून जातात अशी तक्रार आहे म्हणाले. खऱ्या गरजवंतालाच सरकारी दाणा मिळाला पाहिजे, तेव्हा शिपाई पाठवून घराघरांतल्या कणग्या तपासाव्या लागतील.

मी हादरलोच. शिपाई बायाबापड्यांच्या चुलीपर्यंत जाणार, मडकी उपडी करणार. आणि मला एकदम सुचलं. म्हटलं, "रावसाहेब, झडती कशाला? आमच्याकडे बेलभंडार आहे."

त्यांना ठाऊक नव्हतं. ते शहरातले. मी समजावून सांगितलं, की देवापुढचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला की आमच्या मावळात माणूस खोटं बोलत नाही. बोललं तर वंश बुडतो. परवा बांधाच्या भांडणात एकानं हातात बेल घेतला आणि सगळ्यांदेखत स्वतःचीच चूक कबूल केली, जमीन सोडली. देवळाच्या पायरीवर कोर्टकचेरी संपते.

रावसाहेब पुढं सरकले. मग म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. "आणि बाया? बायाही खोटं बोलत नाहीत?" मी म्हटलं, बाया तर मुळीच नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला. "कोंडाजीराव, तुमच्यासारखा माणूस इथं देवळात वाया चाललाय." कोंडाजीराव! बापजन्मी मला कुणी असं म्हटलं नव्हतं. रात्री कस्तुराबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजी आता पान मांडल्यावर इचारायचं?" मी म्हटलं, नाव-गाव कुठं विचारतोय? तिला काही पटलेलं दिसलं नाही.

१९ मे, रविवार

आजपासून सुरुवात केली. दर रविवारी, देवाच्या वारी, पंगतीआधी प्रत्येकानं बेलभंडार घ्यायचा आणि दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. घरात धान्य आहे का? घरात कमावता माणूस आहे का, आणि असला तर कुठं आहे? दुसरा प्रश्न रावसाहेबांनी सुचवला. बरोबरच आहे, कमावता माणूस असेल तर घराचं त्यानं बघावं.

तालुक्याकडून देखरेखीला हौशीराम जमादार आला आहे. पेन्शनीत निघालेला, छातीवर बिल्ले, मिशा तुपात बुडवल्यासारख्या. माणूस गमत्या. त्याच्या हातात ना कागद ना पेन्सिल, नुसता खांबाला टेकून तंबाखू मळत ऐकत बसतो. मला वाटलं होतं की कुणी कारकून येऊन खर्डेघाशी करील. तसं काही नाही.

विठाबाई म्हातारीनं बेल घेतला. धान्य नाही म्हणाली. कमावता? "नातू हाये." कुठं? तिनं पदर पुढं ओढला. मग म्हणाली, "वरल्या अंगाला धनगराच्या वाड्यावं." जमादारानं हसून विचारलं, तिथं काय करतो? "पलटनीत धरून नेत्यात म्हनून ग्येलाय." जमादार म्हणाला, "म्हातारे, कोण धरतंय तुझ्या नातवाला? जेव पोटभर." सगळी पंगत हसली. मीही हसलो.

मारुतीबद्दल मला कुणी विचारलं नाही. रावसाहेबांनी परवाच सांगून ठेवलंय, "तुमचा मुलगा सदावर्ताचं पाणी भरतो, तो देवाचा माणूस. त्याचं नाव यात धरायचं नाही." माणसाची पारख आहे त्यांना. देवाचं केलं की देव करतो, म्हणतात ते खोटं नाही.

९ जून, रविवार

पेरण्यांची धांदल. पंगत थोडी रोडावली. विठाबाई गेले दोन रविवार आली नाही, नातू कमावता झाला असेल.

संध्याकाळी नूरमहंमद आला. नेहमी ओट्यावर बसून पान खातो, आज उभाच. म्हणाला, "गुरवबाबा, परवाच्या गाडीला येक डबा पलटनीचा व्हता. त्यात विठाबाईचा नातू दिसला. पाथरगावचे दोघं, आन् त्यो मुक्ताबाईचा दीर. समदे तुमच्या पंगतीच्या घरचे."

मी म्हटलं, गेले असतील खुशीनं. बसऱ्याच्या लढाईवर पगार चांगला मिळतो.

"खुशीनं चाललेल्याच्या दोन्ही बाजूला शिपाई कशापायी बसवत्यात?"

मी म्हटलं, पलटणीची शिस्त असते. मी पानाचं ताट पुढं केलं, तर म्हणाला, ड्युटी आहे. त्याची ड्युटी आज रात्रीची नाही हे मला ठाऊक आहे. सरकारी तांदूळ माझ्याकडे आला तेव्हापासून लोकांच्या डोळ्यांत जरा खुपतंच, त्याला इलाज नाही.

२३ जून, रविवार

बयाबाईचं काय करावं समजत नाही. भात उतरला की पदराखाली एक गाठोडं घेऊन ती दिवसाआड कुठंतरी जाते. घरात ती एकटी. तिचा अंबाजी, पंचविशीचा एकुलता एक, शिमग्यानंतर मुंबईला गिरणीत गेला असं ती सांगते. मग एवढा भात कुणाला?

कस्तुराबाई म्हणते, "डोळं झाका." पण लोक बोलतात. आज जमादारसुद्धा तंबाखू मळत हळूच म्हणाला, "बाबा, समद्यांच्या हातात देव, आन् स्वैपाकीण तेवढी सुटी? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. सरकारचा दाणा हाय." मला शरम वाटली. माझ्याच चुलीपाशी चोरी होत असेल तर मी दुसऱ्यांना काय तोंडानं विचारू?

३० जून, रविवार

अक्षर नीट येत नाही. तरी लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

पंगत बसण्याआधी मी बयाबाईला हाक मारली. ती पदराला हात पुशीत आली. मी बेल पुढं केला तशी मागं सरली. "गुरवबाबा, मला नगा दिऊ."

मला वाटलं, चोरी पकडली जाणार म्हणून घाबरली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "देवाच्या दारी घरचं-बाहेरचं नसतं." काय तो माझा आवाज. आता कानात तोच वाजतोय.

"तुमच्या पाया पडते," म्हणाली. मी तिचा हात धरला, तळहात उघडला आणि बेल-भंडारा ठेवला. तिच्या हाताला चुलीची ऊब होती. विचारलं, भात कुणाला नेतेस?

ती माझ्याकडे बघत नव्हती. देवाकडे बघत होती. "अंबाजीला."

अंबाजी मुंबईला आहे ना?

पावसाची सर पत्र्यावर वाजत होती. मी म्हटलं, बयाबाई, हातात देव आहे.

"न्हाई," म्हणाली. "विसापूर गडावं हाये. टाक्याच्या अंगाची खोली हाये, तितं."

आणि मी मूर्ख, मला हायसं वाटलं. चोरी नव्हती. आईनं मुलासाठी नेलेला घास होता. मी म्हटलं, "अगं मग आधी सांगायचं. त्याला म्हणावं, इथंच येऊन जेवत जा." बयाबाईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुसऱ्याच कुठल्या भाषेत बोलतोय. मग ती चुलीपाशी जाऊन बसली. मी वळून पाहिलं तर खांबाजवळ जमादार नव्हता. त्याचं वाढलेलं पान तसंच होतं. त्यानं पान टाकून जाताना मी कधी पाहिलेला नाही.

दिवस मावळायच्या आत त्यांनी अंबाजीला खाली आणलं. देवळासमोरूनच. दोन्ही दंडांना काढणीचा दोर बांधलेला, अंगावर फक्त लंगोटी आणि घोंगडीचा तुकडा, पायांची कातडी पावसानं पांढरी फटक झालेली. गुडघ्यातून रक्त. दोन शिपाई आणि पुढं जमादार, मिशांतून पाणी गळतंय. बयाबाई पायरीवर उभी होती. तोंड उघडं राहिलं होतं नुसतं.

अंबाजी जरा थबकला. म्हणाला, "आये, मनाला लावून घिऊ नगं. तू न्हाई सांगितलंस. देवानं सांगितलं."

मग त्याला ओढत स्टेशनाकडे नेलं.

तेव्हा मला कळलं. विठाबाईचा नातू, पाथरगावचे दोघं, मुक्ताबाईचा दीर. एकेकीच्या तळहातावर मी बेल ठेवला होता आणि एकेकीनं मला जागा सांगितली होती, आणि तो खांबाला टेकून ऐकत होता. कागद-पेन्सिल कशाला हवी होती त्याला? गाभाऱ्यात जायची हिंमत झाली नाही. सांजवात मारुतीनं लावली.

१ जुलै

सकाळच्या गाडीनं तालुक्याला गेलो. रावसाहेब वाफाळता चहा पीत होते. मी म्हटलं, अंबाजीला सोडा, तो त्याच्या आईचा एकटा आहे. म्हणाले, "अहो, त्यानं स्वखुशीनं अंगठा दिलाय. सरकार कुणाला बळजबरीनं नेत नाही." मी काढणीचं सांगितलं. म्हणाले, गड निसरडा, पडू नये म्हणून बांधलं असेल.

मी म्हटलं, ही देवाची रीत आहे, तुम्ही तिचा असा उपयोग केलात. ते चकित झाले. खरोखरच चकित झाले, नाटक नव्हतं. "आम्ही केला? कोंडाजीराव, युक्ती तुमची. मी वर साहेबांना तुमचं नाव कळवलंय. टाकव्याला, परंदवडीला, सदावर्त आहे तिथं तिथं हेच सुरू केलंय. कचेरीत तिला नावही पडलंय, भाजेगावची रीत."

माझ्या आज्याची रीत होती, नाव विचारायचं नाही. तिच्यावर आता हे नाव.

मी पुन्हा हात जोडले. अंबाजीचं तेवढं बघा म्हटलं. रावसाहेब हसत म्हणाले, "गावामागं माणसांचा आकडा ठरलेला असतो. त्याच्या जागी तुमच्या मारुतीला पाठवता? आत्ता सोडतो अंबाजीला."

मी काही बोललो नाही.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग शिपायाला सांगून आतून एक जरीचा फेटा मागवला आणि स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर ठेवला. सांगायला लाज वाटते, पण मी मान वाकवली.

परत आलो तर बयाबाई देवळाच्या पायरीवर. "काय म्हनले?" मी म्हटलं, "पुष्कळ विनवलं, बयाबाई. ऐकायलाच तयार नाहीत." ती मान हलवून गेली. फेटा मी पिशवीत दडवला होता.

१४ जुलै, रविवार

बयाबाई चुलीवर येत नाही. कस्तुराबाई भात उतरवते, माझ्याशी बोलत नाही.

आज मी बेलभंडार द्यायचा नाही असं ठरवलं. बेलाला कीड लागली, पानं मिळाली नाहीत असं जमादाराला सांगितलं. त्यानं कोटाच्या खिशातून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं काढली. म्हणाला, "परंदवडीच्या देवळातनं आनली. बेल न्हाई तर तांदूळ न्हाई, रावसाहेबांचा निरोप हाय."

मग तांदूळच नको, म्हणून मी गावात मूठ मागायला निघालो. जूनअखेरीपर्यंत बरसला तेवढाच, तेव्हापासून पाऊस नाही, रोपं पिवळी पडलीत, कुणाच्या घरात काय असणार? तरी मागितलं. मुक्ताबाई दारातच उभी राहिली. तिच्या दिराचं धोतर वळणीवर तसंच होतं. म्हणाली, "देवाला नगं झालती ना?" तिनं टोमणा मारला नाही, सरळ विचारलं.

परत आलो तर पडवीत पंगत बसलेली, पानं मांडलेली. पोरं ताटकळलेली. सरकारी पोतं सोडलं, आणि बेलही दिला.

११ ऑगस्ट, रविवार

बेल मीच देतो. पहिला प्रश्न मी विचारतो, दुसरा जमादार. अशी वाटणी करून मी मनाची समजूत घातली आहे.

आज एक अनोळखी बाई आली, कडेवर मूल. मूल इतकं अशक्त की मान धरत नव्हतं. मी बेल पुढं केला तर तिनं हात पाठीमागं नेले. नुसती बघत राहिली, आधी भाताकडे, मग माझ्याकडे. आणि वळून चालायला लागली. कस्तुराबाई पान घेऊन मागं धावली तर ती पळत सुटली, मूल कडेवर हिंदकळतंय, कस्तुराबाई रस्त्याच्या वाकणापर्यंत मागं गेली आणि परत आली. तिच्या हातात पान तसंच होतं.

माझ्या आज्याच्या सदावर्तातून माणूस उपाशी परत गेलं. भुकेलं माणूस देवळातून पळालं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि पुढच्याच्या हातात बेल ठेवला.

२० ऑक्टोबर, रविवार

तापाची साथ. घरटी माणूस अंथरुणावर. मारुतीही आठ दिवस पडला होता, उठला.

नूरमहंमद आला. जूननंतर प्रथमच. ओट्यावर बसला नाही. पलटणीत नेलेला परंदवडीचा एक गडी तब्येतीपायी परत आलाय, त्यानं स्टेशनावर सांगितलं म्हणे. अंबाजी बोटीवर चढलाच नाही. छावणीतच तापानं गेला. दसऱ्याच्या अगोदर.

"बयाबाईला कोन सांगनार?" नूरमहंमदनं विचारलं. शेवटी तोच गेला सांगायला.

१३ नोव्हेंबर

लढाई संपली. लोणावळ्याला बंगल्यांवर दिव्यांची रोषणाई केली म्हणतात. जमादार पेढे घेऊन आला. एक देवापुढं ठेवला, एक माझ्या हातावर. मी तो तसाच धरून उभा राहिलो, विरघळून चिकट होईपर्यंत.

१७ नोव्हेंबर, रविवार

तांदूळ आला नाही. मारुती गाडी जुंपून स्टेशनावर गेला आणि रिकामा आला. मागाहून निरोप, की लढाईपुरती मदत होती. आता अन्नछत्र गावानं आपल्या हिमतीवर चालवावं, सरकारला कौतुकच आहे. यंदा पीक करपून गेलं, खरी भूक आत्ता दारात आली, आणि तांदूळ लढाईबरोबर संपला. तो कशासाठी येत होता हे एवढं उघड कुणी सांगायला नको होतं.

पाटी काढायला मी शिडी लावली. खिळे लाकडात गंजून बसलेत. ओढले तर तोरणाची पट्टीच चिरायला लागली, म्हणून सोडून दिली.

२४ नोव्हेंबर, रविवार

चूल थंड. दुपारी सवयीनं पडवीत जाऊन बसलो. मारुती कळशी घेऊन आला होता, भरायला काही नाही तरी. कस्तुराबाई जमीन सारवत होती.

बयाबाई आली. जुलैपासून तिनं या पायरीला पाय लावला नव्हता. निम्मी उरली आहे. सरळ गाभाऱ्यापाशी गेली, देवासमोरचं बेलाचं पान घेतलं, परातीतला चिमूटभर भंडारा घेतला, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हात करा, गुरवबाबा."

मी हात पुढं केला. का केला ते सांगता येणार नाही. तिनं माझा तळहात उघडला आणि त्यावर बेल-भंडारा ठेवला, अगदी मी ठेवला होता तसा.

"त्या दिशी तुमी तालुक्याला गेलता. रावसाहेब काय म्हनले, तेवढं सांगा."

बेलाचं पान वजनाला काय असतं? माझा हात खाली जाऊ लागला. मारुती कळशी धरून उभा. कस्तुराबाईचा सारवणारा हात थांबला होता. मी गप्प राहू शकलो असतो. हात झटकून उठू शकलो असतो. ती अनोळखी बाई तेवढं तरी करू शकली होती. पण मला ते जमलं नाही. मी सांगितलं. म्हटलं, रावसाहेब म्हणाले, मारुतीला द्या आणि अंबाजीला न्या. आणि मी काही बोललो नाही.

मारुतीनं कळशी खाली ठेवली. आवाज झाला नाही इतकी हळू.

मला वाटलं बयाबाई शाप देईल. तिनं मारुतीकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जसं आई पाहते. मग माझ्या हातावरचं पान उचलून देवापुढं परत ठेवलं.

"तुमचं चुकलं न्हाई," म्हणाली. "आपल्या लेकराचं म्हनल्यावं मानूस गप ऱ्हातंच. मला बी गप ऱ्हायाचं व्हतं, गुरवबाबा. तुमी ऱ्हाऊ दिलं न्हाई."

आणि ती पायऱ्या उतरून गेली. माझ्या तळहाताला भंडारा लागलेला आहे. कस्तुराबाईनं तांब्याभर पाणी आणून शेजारी ठेवलंय, पण अजून मी हात धुतला नाही.